थेंबाथेंबाचा हिशेब मागणारा अ‍ॅडमिरल

मे १९६८. जपानच्या सासेबो बंदरात पाण्यातील किरणोत्सर्ग मोजत फिरणाऱ्या एका लहानशा नौकेवरील यंत्राने नेहमीपेक्षा दहा ते वीस पट अधिक नोंद दाखविली. त्या दिवशी बंदरात ‘स्वोर्डफिश’ ही अमेरिकेची अणुपाणबुडी मुक्कामाला होती. पाणबुडीच्या अणुभट्टीतील पाणी बंदरात सोडले गेले असावे, असा जपानी तज्ज्ञांचा संशय होता. तसे सिद्ध होत नाही, अशी अमेरिकी नौदलाची भूमिका होती. सासेबो हे नागासाकी प्रांतातील बंदर. ज्या प्रांताने २३ वर्षांपूर्वी अणुबॉम्बचा संहार पाहिला होता, तेथील लोकांना हा वाद तांत्रिक वाटणे शक्यच नव्हते. निदर्शने झाली. सुरक्षिततेची हमी मिळेपर्यंत अणुपाणबुड्यांनी जपानी बंदरात येऊ नये, अशी भूमिका पंतप्रधान इसाकु सातो यांना घ्यावी लागली.

अमेरिकी नौदलाच्या प्रत्येक अणुभट्टीची जबाबदारी त्या वेळी एकाच माणसाच्या खांद्यावर होती. त्याचे नाव हायमन जॉर्ज रिकोव्हर. अणुपाणबुडीचा जनक म्हणून जग त्यांना ओळखते. परंतु त्यांच्या आयुष्याची कहाणी एका अर्थाने पाण्याचीही कहाणी आहे. अणुभट्टीतून फिरणारे पाणी कोठे जाते, ते कोण मोजतो आणि चुकले तर जाब कोणाला विचारायचा, हे तीन प्रश्न त्यांच्या कारकिर्दीत पुनःपुन्हा उभे राहिले.

शिंप्याचा मुलगा

रिकोव्हर यांचा जन्म १९०० सालचा. रशियन साम्राज्याच्या अमलाखालील पोलंडमधील माकूव हे त्यांचे गाव. वडील अब्राहम शिंपीकाम करीत. ज्यूंवरील अत्याचारांच्या त्या काळात हे कुटुंब १९०६ मध्ये अमेरिकेत आले आणि पुढे शिकागोत स्थिरावले. घरची परिस्थिती बेताची. लहानपणापासूनच हायमनला किरकोळ कामे करावी लागली. शाळेत असताना तो तारा पोहोचविण्याचे काम करी. या कामातूनच अ‍ॅडॉल्फ सबाथ या काँग्रेस सदस्यांशी त्याची ओळख झाली आणि त्यांच्या शिफारशीने १९१८ मध्ये अ‍ॅनापोलिसच्या नौदल प्रबोधिनीचे दार उघडले.

१९२२ मध्ये ५४० जणांच्या तुकडीत १०७ वा क्रमांक मिळवून रिकोव्हर बाहेर पडले. मित्रमंडळात रमण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. पुस्तके आणि यंत्रे हेच त्यांचे विश्व. कोलंबिया विद्यापीठातून त्यांनी विद्युत अभियांत्रिकीचे पदव्युत्तर शिक्षण घेतले. त्यानंतर पाणबुड्यांवर काम केले. त्या काळच्या पाणबुडीतील दमट, तेलकट हवा आणि सतत बिघडणारी यंत्रे त्यांनी जवळून अनुभवली. दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या जहाजबांधणी विभागातील विद्युत शाखा त्यांच्याकडे होती. कंत्राटदाराने पुरविलेला माल कागदावर नव्हे, तर स्फोटाच्या हादऱ्यात टिकतो की नाही हे पाहिल्याशिवाय स्वीकारायचा नाही, ही त्यांची सवय तेव्हाच पक्की झाली.

१९४६ मध्ये नौदलाने काही अधिकाऱ्यांना टेनेसी राज्यातील ओक रिज येथे अणुविज्ञान शिकण्यासाठी धाडले. त्यांत रिकोव्हर होते. अणुशक्तीवर पाणबुडी चालू शकेल, हे तेव्हा अनेकांना दूरचे स्वप्न वाटत होते. १९४९ मध्ये अणुऊर्जा आयोग आणि नौदल अशा दोन्ही ठिकाणी अणुभट्टी विभागाची सूत्रे त्यांच्याकडे आली. एका कार्यालयाने अडविले, तर दुसऱ्या कार्यालयाच्या पत्राने वाट काढायची, अशी ही विलक्षण व्यवस्था होती. ती त्यांनी पुढे ३३ वर्षे सांभाळली.

पाण्याची निवड

अणुभट्टीच्या गाभ्यातील उष्णता बाहेर काढण्यासाठी काय वापरावे, हा पहिला मोठा प्रश्न होता. वायू, वितळलेला सोडियम धातू आणि पाणी असे पर्याय समोर होते. रिकोव्हर यांनी ‘नॉटिलस’ या पहिल्या पाणबुडीसाठी पाणी निवडले. अभियंत्यांना पाण्याचे गुणदोष शतकभर ठाऊक होते, हे त्यामागचे मोठे कारण. हे पाणी प्रचंड दाबाखाली ठेवायचे, म्हणजे ते उकळत नाही. गाभ्यातून तापून निघालेले हे प्राथमिक पाणी वाफ तयार करणाऱ्या यंत्राच्या नळ्यांतून फिरते आणि नळ्यांबाहेरच्या दुसऱ्या पाण्याची वाफ करते. टर्बाइन फिरते ते या दुसऱ्या पाण्याच्या वाफेवर. दोन्ही पाणी एकमेकांत मिसळत नाहीत.

मात्र प्राथमिक पाणी निर्मळ राहत नाही. नळ आणि झडपांच्या धातूचे अतिसूक्ष्म कण झिजून त्यात उतरतात, गाभ्यातून जाताना किरणोत्सारी होतात आणि पाण्याबरोबर सर्वत्र फिरतात. त्यांतील कोबाल्ट-६० सर्वांत त्रासदायक. त्याचे अर्धायुष्य सुमारे ५.३ वर्षांचे. म्हणजे आज सांडलेले पाणी उद्या विसरून जावे, अशी सोय नाही.

पाणबुडीच्या बंदिस्त लोखंडी कवचात शंभरावर माणसे या यंत्राशेजारी जेवणार आणि झोपणार होती. त्यामुळे गळती ही रिकोव्हर यांच्या दृष्टीने किरकोळ बाब राहिली नाही. प्राथमिक पाणी फिरविणाऱ्या पंपांच्या मोटारी संपूर्णपणे धातूच्या कवचात बंद करण्यात आल्या, म्हणजे फिरत्या दांड्याच्या फटीतून पाणी झिरपण्याचा मार्गच उरला नाही. ‘नॉटिलस’च्या आधी आयडाहोच्या वाळवंटात तिच्या अणुभट्टीची जमिनीवरील प्रतिकृती उभारली गेली. ती १९५३ मध्ये कार्यान्वित झाली. १७ जानेवारी १९५५ रोजी ‘नॉटिलस’ अणुशक्तीवर समुद्रात निघाली. तिच्यानंतरच्या ‘सीवुल्फ’मध्ये सोडियम वापरून पाहण्यात आला. तिची वाफयंत्रणा गळू लागली तेव्हा रिकोव्हर यांनी ती अणुभट्टीच काढून टाकून तेथे पाण्याची अणुभट्टी बसविली. आज जगातील बहुसंख्य अणुवीज केंद्रे याच दाबाखालील पाण्याच्या तत्त्वावर चालतात. भारतातील कुडनकुलम केंद्र आणि ‘आयएनएस अरिहंत’ ही पाणबुडीही त्याच कुळातील.

चॉक रिव्हरचा धडा

‘नॉटिलस’ची बांधणी सुरू असतानाच १२ डिसेंबर १९५२ रोजी कॅनडातील चॉक रिव्हर येथील एनआरएक्स या अणुभट्टीत अपघात झाला. गाभ्यातील इंधन वितळले आणि सुमारे चाळीस लाख लिटर किरणोत्सारी पाणी तळघरात साचले. जवळून ओटावा नदी वाहत होती. ते पाणी नदीत जाऊ न देता दूरवरच्या वालुकामय जमिनीतील चरांत नेण्यासाठी नळ टाकावे लागले. साफसफाईच्या कामाला अमेरिकेहून जी पथके गेली, त्यांत रिकोव्हर यांच्या हाताखालील जिमी कार्टर हा तरुण लेफ्टनंट होता. हाच तरुण पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला. अपघातानंतर पाण्याचे काय करायचे, हा प्रश्न गाभ्याइतकाच मोठा असतो, हे अणुयुगाच्या आरंभीच दिसून आले होते.

नदीकाठचे वीजकेंद्र

रिकोव्हर यांनीच अमेरिकेचे पहिले मोठे नागरी अणुवीज केंद्र उभारले, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते. पिट्सबर्गजवळ ओहायो नदीच्या काठी शिपिंगपोर्ट येथे सप्टेंबर १९५४ मध्ये भूमिपूजन झाले आणि २ डिसेंबर १९५७ रोजी अणुभट्टी सुरू झाली. क्षमता ६० मेगावॉट. विमानवाहू जहाजासाठी आखलेल्या अणुभट्टीच्या आराखड्यातून हे केंद्र घडले.

पाणबुडी समुद्रात दूर जाते, वीजकेंद्र मात्र एकाच नदीच्या काठी वर्षानुवर्षे उभे राहते आणि त्या नदीचे पाणी खालची गावे पितात. अशा केंद्रात सांडपाणी सोडण्याची रीत हळूहळू ठरत गेली. पाणी आधी टाकीत साठवायचे, ते घुसळून नमुना घ्यायचा, प्रयोगशाळेत मोजायचा, जबाबदार अधिकाऱ्याची परवानगी घ्यायची आणि मगच झडप उघडायची. बाहेर जाणाऱ्या नळावर आणखी एक मापक असतो. आकडा ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला, की झडप आपोआप बंद होते. १९७१ मध्ये अमेरिकेने अणुवीज केंद्रांच्या रचनेचे जे निकष जाहीर केले, त्यांत बाहेर पडणाऱ्या किरणोत्सारी द्रवावर नियंत्रण आणि देखरेख बंधनकारक करण्यात आली. धोका असतो तो ही साखळी टाळून जाणाऱ्या पाण्याचा. जमिनीखालचा तडकलेला नळ, न मिटलेली झडप, भरून वाहणारी टाकी अशा वाटांनी जाणाऱ्या पाण्याची नोंद कोणत्याच वहीत होत नाही.

शिपिंगपोर्टही वादातून सुटले नाही. १९७३ मध्ये अर्नेस्ट स्टर्नग्लास या शास्त्रज्ञाने केंद्रातील किरणोत्सर्गामुळे परिसरात बालमृत्यू वाढल्याचा आरोप केला. गव्हर्नरांना चौकशी समिती नेमावी लागली. परिसरातील दुधाच्या नमुन्यांत स्ट्रॉन्शियम-९० किती होते, याचे आकडे या वादाच्या केंद्रस्थानी आले. केंद्राने आरोप फेटाळले, अन्य शास्त्रज्ञांनीही स्टर्नग्लास यांच्या निष्कर्षांवर आक्षेप घेतले. तरीही एक गोष्ट उघड झाली. मोजणी विश्वासार्ह नसेल, तर निर्दोष माणसालाही स्वतःचा निर्दोषपणा दाखविता येत नाही.

सासेबोनंतर

पाणबुडीची अणुभट्टी तापू लागली, की प्राथमिक पाणी प्रसरण पावते. हे जादा पाणी आरंभीच्या काळात शुद्ध करून बाहेर सोडले जाई. समुद्र अथांग आहे आणि पाणी थोडे, असा त्यामागचा हिशेब होता. सासेबोच्या घटनेने हा हिशेब राजकीयदृष्ट्या मोडीत काढला. जपानी बंदरांत प्राथमिक पाणी सोडणार नाही, असे आश्वासन अमेरिकेला द्यावे लागले आणि त्यानंतरच त्या वर्षाच्या अखेरीस पाणबुड्यांना पुन्हा प्रवेश मिळाला.

रिकोव्हर यांच्या विभागाने पुढील काही वर्षांत रीतच बदलली. जादा पाणी टाक्यांत साठवून किनाऱ्यावर आणायचे, गाळण्या आणि आयन-विनिमय रेझिनमधून शुद्ध करायचे आणि पुन्हा अणुभट्टीतच वापरायचे, असा क्रम ठरला. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या आत सोडल्या जाणाऱ्या दीर्घायुषी गॅमा किरणोत्साराचे एकूण प्रमाण १९७० च्या दशकापासून संपूर्ण अमेरिकी नौदलासाठी वर्षाला ०.००२ क्युरीपेक्षाही कमी राहिल्याचे नौदलाचे अहवाल सांगतात. बंदरांतील पाणी, तळाचा गाळ आणि सागरी जीव यांचे नमुने तपासून त्यांची माहिती प्रसिद्ध होऊ लागली. ट्रिटियम मात्र या उपायाला दाद देत नाही. तो पाण्याच्या रेणूचाच भाग बनून राहतो, त्यामुळे रेझिनमध्ये अडकत नाही. म्हणूनच पाणी बाहेर न सोडता फिरवून वापरण्याला महत्त्व आले.

या शिस्तीमागे रिकोव्हर यांची कार्यपद्धती होती. अणुपाणबुडीवर जाणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याची मुलाखत ते स्वतः घेत. समोरच्याला अस्वस्थ करण्यासाठी खुर्चीचे पुढचे पाय आखूड केलेले असत, ही गोष्ट नौदलात दंतकथेसारखी सांगितली जाई. नव्या जहाजांच्या पहिल्या सागरी चाचणीला ते जातीने हजर राहत. जहाजांच्या कप्तानांनी आणि कारखान्यांतील प्रतिनिधींनी लहानसहान बिघाडही थेट त्यांना लिहून कळवायचा असे. वरिष्ठांना ते नकोसे होते. १९५० च्या दशकाच्या आरंभी त्यांची बढती दोनदा नाकारली गेली आणि काँग्रेस सदस्यांनी लक्ष घातल्यानंतर १९५३ मध्ये ते रिअर अ‍ॅडमिरल झाले. हाताखालच्यांनाही ते कठोर, प्रसंगी अपमानकारक वाटत. पण अणुभट्टीबाबत काही चुकले, तर जबाबदार माणसाचे नाव सांगता आले पाहिजे, या आग्रहापासून ते कधी ढळले नाहीत.

तरीही सासेबोत काटा हलल्याची नोंद केली होती ती जपानी नौकेने. रिकोव्हर यांच्या व्यवस्थेत यंत्र बांधणारा, चालविणारा आणि तपासणारा विभाग एकच होता. त्या व्यवस्थेबाहेरचा कोणी पाणी मोजत होता, म्हणूनच तो प्रश्न उभा राहिला.

थ्री माइल आयलंड

२८ मार्च १९७९ च्या पहाटे पेनसिल्व्हेनियातील थ्री माइल आयलंड केंद्राची दाब कमी करणारी एक झडप उघडली ती मिटलीच नाही. अणुभट्टीतील पाणी तिच्यातून वाहत राहिले. तळाशी साचलेले काही पाणी पंपांनी आपोआप शेजारच्या इमारतीत ढकलले आणि तेथील टाकी भरून वाहू लागली. पाणी आपली ठरलेली वाट सोडून गेले होते आणि दोन तासांहून अधिक काळ ते कोणाच्या लक्षात आले नाही. या घटनेत एक कटू योगायोग होता. त्या पहाटे नियंत्रण कक्षात असलेले चौघेही चालक नौदलाच्या अणुकार्यक्रमातून आलेले होते. दाब राखणारे पात्र पाण्याने पूर्ण भरू द्यायचे नाही, ही शिकवण त्यांच्या अंगी मुरली होती. त्या पात्रातील पातळी वाढताना दिसताच त्यांनी गाभ्याकडे जाणारे आणीबाणीचे पाणी कमी केले आणि गाभा उघडा पडला.

त्या वर्षी मे महिन्यात रिकोव्हर यांनी काँग्रेसच्या उपसमितीपुढे साक्ष दिली. एखादे नवे उपकरण बसवून सुरक्षितता येत नाही, त्यासाठी प्रशिक्षण, शिस्त आणि जबाबदारी यांचा एकत्रित विचार करावा लागतो, असा त्यांच्या निवेदनाचा रोख होता. वर्षअखेरीस वीज कंपन्यांनी परस्परांच्या केंद्रांची तपासणी करणारी संस्था स्थापन केली. तिचे पहिले प्रमुख होते ‘नॉटिलस’चे पहिले कप्तान युजीन विल्किन्सन. थ्री माइल आयलंडचे दूषित पाणी सस्केहाना नदीत सोडण्यास लँकेस्टर शहराने न्यायालयात आव्हान दिले. अखेर शुद्धीकरणानंतर उरलेले सुमारे २३ लाख गॅलन पाणी १९९१ ते १९९३ या काळात बाष्पीभवन करून संपवावे लागले.

अखेरचा हिशेब

३१ जानेवारी १९८२ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी, नौदलमंत्री जॉन लेहमन यांनी रिकोव्हर यांना निवृत्त केले. साठ वर्षांहून अधिक सेवेचा तो शेवट होता. निवृत्तीपूर्वी काही दिवस आधी काँग्रेससमोर दिलेल्या साक्षीत त्यांनी सर्वांनाच चकित केले. किरणोत्सर्ग निर्माण करणारी शक्ती माणसाने पुन्हा जगात आणली, याबद्दल त्यांनी खंत व्यक्त केली. आपण बांधलेली जहाजे ही नाइलाजाने पत्करलेली आपत्ती असून ती सारी बुडवून टाकायलाही आपण तयार होऊ, अशा आशयाचे विचार त्यांनी मांडले. ज्याने आयुष्यभर हीच यंत्रे घडविली, त्याच्या तोंडी ही भाषा अनेकांना पटली नाही.

आयुष्यभर इतरांकडे चोख हिशेब मागणाऱ्या या माणसाचा स्वतःचा हिशेब मात्र अखेरीस चुकला. पाणबुड्या बांधणाऱ्या जनरल डायनॅमिक्स कंपनीकडून त्यांनी वर्षानुवर्षे सुमारे ६७ हजार डॉलरच्या भेटवस्तू स्वीकारल्याचे उघड झाले आणि १९८५ मध्ये नौदलमंत्र्यांनी त्यांना लेखी ठपका दिला. या भेटींचा आपल्या निर्णयांवर परिणाम झाला नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पण ते तपासण्याचा मार्ग इतरांकडे नव्हता. ८ जुलै १९८६ रोजी त्यांचे निधन झाले. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.

त्यांच्या पश्चात पाण्याचा प्रश्न संपला नाही. इलिनॉय राज्यातील ब्रेडवूड केंद्रातून नदीकडे जाणाऱ्या भूमिगत नळाच्या झडपांतून ट्रिटियमयुक्त पाणी अनेक वर्षे जमिनीत झिरपत होते. १९९८ मधील एका गळतीत सुमारे तीस लाख गॅलन पाणी वाहून गेले. ही बाब शेजाऱ्यांना कळली ती २००५ च्या अखेरीस. पाणी सोडण्याआधी केंद्रात त्याची मोजणी होत होती, पण वाटेतील झडपांकडे कोणाचे लक्ष नव्हते. त्यानंतर अमेरिकेतील अणुवीज केंद्रांनी भूजलासाठी निरीक्षण विहिरी खणण्याचा आणि गळती लगेच कळविण्याचा कार्यक्रम २००७ पासून हाती घेतला.

आणि २००८ च्या उन्हाळ्यात हवाईच्या सुक्या गोदीत ‘ह्यूस्टन’ या पाणबुडीची दुरुस्ती सुरू असताना एका झडपेतून पाणी झिरपत असल्याचे आढळले. दोन वर्षांहून अधिक काळ ती थेंबथेंब गळत होती. या काळात ती ज्या बंदरांत गेली, त्यांत सासेबोही होते. बाहेर पडलेला किरणोत्सार अत्यल्प होता आणि त्यातून कोणाला अपाय झाल्याचे आढळले नाही. तरी अमेरिकेला तो जपानला कळवावा लागला. स्वोर्डफिशच्या घटनेला तेव्हा चाळीस वर्षे झाली होती आणि रिकोव्हर यांच्या मृत्यूला बावीस. त्यांनी घालून दिलेल्या शिस्तीतूनही एक झडप दोन वर्षे निसटली होती. ती सापडली, तीही कोणीतरी पुन्हा तपासून पाहिले म्हणून.